पाण्यातला कामठा

कामठेबाबा बांबूचे कामठे, म्हणजे धनुष्ये, बनवी, पण गिऱ्हाइकाला कामठा निवडू देत नसे. कोरीटकडून तापीच्या पात्राकडे उतरणाऱ्या वाटेवर त्याची झोपडी होती आणि आमचे शेत तिला लागून. दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीची ही हकिगत. मासे मारण्याचा कामठा घ्यायला माणूस आला की बाबा आधी त्याला नदीवर नेई, गुडघाभर पाण्यात उभा करी, दोरी ओढून धरायला लावी आणि स्वतः काठावर बसून चिलीम भरू लागे. चिलीम पेटेपर्यंत हात थरथरला, तर तो कामठा परत घेऊन त्याहून हलका, ओढायला सोपा देई.

शिकारीचा कामठा एकदा ओढायचा आणि सोडायचा असतो. मासेमाराला मात्र दोरी ताणून मासा वर येण्याची वाट पाहावी लागते. शिवाय फार जोराचा तीर मासा भेदून चिखलात रुततो आणि तिराला बांधलेली सुतळी तुटते. बाबा हे इतके सविस्तर सांगत नसे. "इतला जोर डुकरले लागस, मासाले नही," एवढेच म्हणे. गिऱ्हाइकाच्या उंचीकडेही त्याचे लक्ष असे. कामठ्याचे खालचे टोक पाण्याला लागले, की तो बांबू कापून आखूड करी.

मीही एकदा त्याच्याकडे कामठा मागितला होता. मी हट्टाने जड कामठा उचलला. चिलमीत अजून तंबाखूही पडली नव्हती, तोच माझे कोपर हलू लागले. "भाऊ, वढनं सोपं शे, थांबनं कठीन," तो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.

त्याचा मुलगा सुक्राम पंचक्रोशीत सर्वांत जड कामठा वापरी. एका उन्हाळ्यात तो मोहाच्या झाडावरून पडला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हाड बसवणाऱ्याने खांदा बसवला, पण पुन्हा जोर दिला तर तो कायमचा जाईल, असे बजावले. घर माशांवर चालत होते. बाबाने मुलासाठी नवा, हलका कामठा केला. सुक्रामने तो हातात घेतला आणि कोपऱ्यात ठेवून दिला.

त्याच हिवाळ्यात विसरवाडीकडून त्याला सोयरीक सांगून आली. त्यांच्या जमातीत मुलगा पाहायला आलेला पाहुणा दारावर टांगलेला मुलाचा कामठा काढून ओढून पाही आणि त्यावरून मुलाची ताकद जोखी. पाहुणे यायच्या सकाळी सुक्रामने आपला जुना कामठा दारावर टांगला. बाबाने तो उतरवला आणि हलका टांगला. मी तेव्हा अंगणात होतो.

"पाव्हना काय म्हनतीन? हाऊ तं पोरसोरना कामठा शे," सुक्राम म्हणाला.

"पाव्हना सांजले जाई. खांदा तुन्हाच शे."

मुलीचा बाप आणि त्याची बहीण दुपारी आले. बापाने कामठा काढला, एका हिसक्यात कानापर्यंत ओढला आणि हसला. "बाबा, हाऊ कोना? डोकरीना का?"

"मन्हा आंडोरना, सुक्रामना. त्याना खांदा उतरेल शे," बाबाने सरळ सांगून टाकले. सुक्राम उठून नदीवर गेला. हलका कामठा मात्र बरोबर घेऊन गेला.

पाहुण्याने पाणीही घेतले नाही. ऊन उतरल्यावर तो उठायच्या बेतात असताना सुक्राम टोपलीभर मासे घेऊन परतला आणि टोपली अंगणात आपटून आत गेला. मुलीच्या आत्याने टोपलीत हात घालून मासे वरखाली केले आणि ती भावाला म्हणाली, "कामठा काय रांधीसनी खावाना शे?" भाऊ वाटेला लागला. ती त्याच्यामागून गेली.

त्या दिवसापासून सुक्राम बापाशी कामापुरते बोलू लागला. "तू मन्हं लगीन मोडं," हे मात्र त्याने माझ्यासमोर दोनदा ऐकवले. बाबा दोन्ही वेळा कामठ्याची कड तासत होता. तो थांबला नाही.

होळीनंतर आत्या एकटीच आली आणि होकार सांगून गेली. लग्न झाले. सुक्राम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, की हे आत्यामुळे जमले. बाबाने त्याचे म्हणणे कधी खोडले नाही. तीन पावसाळ्यांनंतर बाबा तापाने गेला.

दिवस झाल्यावर सुक्राम आमच्या शेतावर आला. जुन्या कामठ्याने आपला खांदा कधीच गेला असता, बाप बरोबर होता, असे तो बांधावर बसून सांगत राहिला. त्याने ते बरेच तपशीलवार सांगितले. मी ऐकून घेतले. ज्याला ते ऐकवायला हवे होते, तो उरला नव्हता.