बूच न मारलेला पाइप

लकडगंजात आमच्या घराला लागूनच मिरची-चिंच साठवायचं कोल्ड स्टोरेज आहे. गारव्यासाठी लागणाऱ्या अमोनिया वायूची त्याची टाकी आमच्या भिंतीपलीकडेच. दाब फार चढला की वायू बाहेर सोडायला टाकीवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्याचा पाइप नेमका आमच्या खिडकीशेजारी उघडायचा, आणि व्हॉल्व्ह थोडाथोडा झिरपायचा. उन्हाळ्यात कूलर तो वास ओढून थेट सासऱ्यांच्या खाटेवर आणून सोडायचा. त्यांना दमा. ते खोकत उठून बसले की मी भांडायला निघायची.

भांडण मला चांगलं जमतं. शेवटी स्टोरेजचे मालकच कंटाळले आणि माझ्यासमोर तिथली यंत्रं सांभाळणाऱ्या ऑपरेटरला म्हणाले, "बूच मारून टाक त्या पाइपले." मला तर तेच हवं होतं. ऑपरेटरनं नकारार्थी मान हलवली.

"बूच नाही मारता येत, बाई. दाब चढला तं टाकीच फुटन."

"मग आम्ही काहून वास घ्यावा?"

"थोडे दिवस द्या मले."

मालकाच्या मागे लागून त्यानं पाइप गच्चीच्याही वर नेला. व्हॉल्व्हखाली धातूची पातळ चकती बसवली. एरवी ती वायू अडवून धरते, दाब हद्दीबाहेर गेला की फाटून वाट देते. वास थांबला. तरी तोंडावर नाही म्हणणारा हा कोण मोठा लागून गेला, हा राग माझ्या मनात राहिलाच.

गेल्या मे महिन्यात एका दुपारी पलीकडे धाडकन आवाज झाला, मग कानठळ्या बसवणारी शिट्टी. मी कूलर बंद केला, खिडक्या लावल्या आणि सासऱ्यांचा हात धरून बसले. मी भयंकर घाबरले होते. खिडकीच्या काचेतून दिसलं, पांढरा लोट आमच्या छपरावरून उंच निघून चालला होता. जरा वेळानं शिट्टी थांबली. घरात थोडा वास आला, सासरे खोकले, पण त्यांचा श्वास टिकला.

ओला दुपट्टा तोंडाला बांधून ऑपरेटर दारात आला. वायू गार करणाऱ्या पाण्याचा पंप बंद पडून दाब चढला होता. चकती फाटली, व्हॉल्व्ह उघडला आणि दाब उतरल्यावर आपोआप बंद झाला.

"बाबाजी ठीक आहेत ना?" त्यानं विचारलं.

मला रडू आलं. आभार मानायची मला सवय नाही, पण त्या दिवशी हात जोडले, आणि अजूनही मनातल्या मनात जोडते.

सासरे खाटेवरूनच त्याला म्हणाले, "बरं झालं गा, तू आमच्या सुनेचं आयकलं नाही."