वासुदेव डॉक्टरांची खुर्ची

सानगडीच्या वासुदेव डॉक्टरांकडे तुम्ही तापानं फणफणत जा, नाहीतर भाताच्या रोवणीच्या चिखलात कुजलेली पायाची बोटं घेऊन जा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "सकारी काय खाल्लं?" नाडी त्यानंतर, आणि स्टेथोस्कोप त्याच्याही नंतर. कोणी "काही नाही" म्हटलं की ते चष्म्यावरून नुसते बघत राहायचे. मग हळूहळू शिळा भात, लाखोरीची डाळ, कुणाच्या तरी तेरवीतली बुंदी असं सगळं बाहेर यायचं. अर्धा आजार त्यांना तिथंच सापडायचा. मी लहानपणी एकोडीहून बाबांच्या गाडीवर बसून त्यांच्याकडे जायची, तेव्हा वाटेतच खरं काय ते आठवून ठेवायची, कारण त्यांच्यासमोर खोटं टिकतच नसे.

दवाखान्यात पेशंटसाठी लोखंडी स्टूल होतं आणि त्यांची सागाची खुर्ची. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं गावानं पाहिलं नव्हतं. सरपंच आले तरी स्टुलावर. त्यांच्या बायकोला, आमच्या काकूंनासुद्धा एकदा त्यांनी तिथून उठवलं होतं म्हणे, आणि काकू ते हसत सांगायच्या.

बारावीनंतर मला नागपूरला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगची सीट मिळत होती आणि दुसरीकडे बीएएमएसचीही. घरात सगळ्यांचा कल इंजिनीअरिंगकडे. पोरगी लवकर कमावती होईल, एवढा बाबांचा साधा विचार. तरी पेढे घेऊन ते मला डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण त्यांना विचारल्याशिवाय आमच्या घरात काहीच ठरत नसे. डॉक्टर उठले. बाकावर पेशंट खच्चून बसलेले, आणि त्या सगळ्यांदेखत त्यांनी मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं.

"पुण्यात इंजिनेरं ढिगानं पडले आहेत," ते बाबांना म्हणाले. "आज पगार, उद्या घरी बसा. हिले डॉक्टर करा. मले लेकरू नाही. ही खुर्ची हिचीच."

बाबांचे डोळे भरून आले. मी तर वेडीच झाले होते. समोरचे सगळे पेशंट मला आतापासूनच माझे वाटायला लागले.

शिकून आले ती सरळ त्यांच्या दवाखान्यात. एक मात्र मान्य केलंच पाहिजे, त्यांनी शिकवलं मन लावून. पोट कसं दाबायचं, म्हाताऱ्या बाईला सुनेसमोर काय विचारायचं नाही, पेशंट घाबरला असेल तर आधी पाऊसपाण्याचं कसं बोलायचं, हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं. "बाई, तापाची घाई नोको करू. माणूस बोलला पाहिजे आधी," असं ते दिवसातून एकदा तरी म्हणायचे. महिन्याच्या शेवटी पाकीट द्यायचे. माझी मैत्रीण इंजिनीअर होऊन पुण्यात होती, तिच्या खोलीचं भाडंही त्या पाकिटातून निघालं नसतं. पण मला कुठं पगार हवा होता? मला खुर्ची मिळणार होती.

मध्ये आरोग्य केंद्रात कंत्राटी जागा निघाली. मी अर्ज भरणार म्हटल्यावर ते दुखावल्यासारखे झाले. "कायले जाऊन राहिली तिकडं? हे सगळं तुयाच नावानं होऊन राहिलं ना." मी अर्ज फाडून टाकला. बाबांनाही तेच बरोबर वाटलं.

दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर एका सकाळी मी स्कूटीवरून उतरले तर एक माणूस शिडीवर चढून दवाखान्यावर नवी पाटी ठोकत होता. पाटीवर त्यांच्या पुतण्याचं नाव होतं आणि पुढे एमबीबीएस. आत गेले तर नागपूरचा तो पुतण्या खुर्चीवर बसलेला आणि डॉक्टर शेजारी स्टुलावर. त्यांनी मला बाहेर ओट्यावर नेलं. लोक आता पाटी वाचतात, बीएएमएसवर भागत नाही, असं काहीतरी सांगायला लागले. अहो, पण तुमच्या पाटीवरही जन्मभर बीएएमएसच होतं ना, असं मी म्हटलं.

"मंग मले दोन वर्षं काहून थांबवलं?" मी विचारलं.

त्यांनी ओट्याच्या कडेकडे बघत सांगितलं, "त्याचं शिक्षण होऊन राहिलं होतं. तोवर पेशंट तुटायले नोको होते. तुयासारखी भरवशाची दुसरी कोण भेटली असती? अन् तू का, आज ना उद्या लगन करून जाशीन."

अजून आठवलं की अंगाची लाही होते. खोटं बोलले असते तरी चाललं असतं. त्यांनी मला दवाखान्याची राखण करायला ठेवलं होतं, आणि तेही कौतुकाच्या सुरात सांगितलं. घरी बाबा दोन दिवस माझ्यासोबत जेवायलाही बसले नाहीत. आपणच पोरीला तिथं नेलं, याची त्यांना लाज वाटत होती.

मी सानगडीच्या बाजारातच एक खोली भाड्यानं घेतली आणि पाटी लावली. पेशंट हळूहळू आले. पुतण्या फार टिकला नाही. नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात चांगला पगार मिळाला, तो निघून गेला आणि दवाखान्याला कुलूप लागलं. देवानं न्याय केला, असं मला बायका सांगत. कसला न्याय? ज्या खुर्चीपायी मला फसवलं, तिच्यावर त्याला बसायचंच नव्हतं, याचा मला जास्तच राग आला.

डॉक्टरांशी मी बोलत नव्हते. मनात मात्र त्यांच्याशी भांडण तयार ठेवलं होतं, शब्द न् शब्द. ते एक ना एक दिवस येतील, मान खाली घालतील आणि मी सगळं ऐकवीन. या उन्हाळ्यात ते आले. काकूंनी हाताला धरून आणले होते. काकू हळूच म्हणाल्या की यांना आता काहीच आठवत नाही, बायकोलाच नाव विचारतात.

ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सकारी काय खाल्लं, डॉक्टरसाहेब?"

ते बराच वेळ विचार करत राहिले, पण त्यांना सांगता आलं नाही. मी नाडी बघितली, पोट तपासलं. ते माझ्या हाताकडे लक्ष देऊन बघत होते, पूर्वी मी चुकते का ते बघायचे तसेच. मग खूश होऊन म्हणाले, "हात चांगला आहे तुया. कोणापाशी शिकली?"

"सानगडीच्या वासुदेव डॉक्टरांपाशी," मी म्हणाले.

त्यांनी दाराकडे बघितलं आणि माझ्याकडे वाकून हळू आवाजात सांगितलं, "त्याच्या भरवशावर राहू नोको, पोरी."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मी गोळ्या लिहून दिल्या. हेच त्यांनी पेढ्यांच्या दिवशी, माझ्या बाबांसमोर सांगायला हवं होतं.