मिरचीवर जवळ्याची परीक्षा

नव्वदच्या दशकात जुईनगरच्या पलीकडे, औद्योगिक वसाहतीत माझा पत्राकामाचा गाळा होता. खिडक्यांच्या जाळ्या करून कंटाळले आणि उन्हावर मासळी सुकवायची पेटी केली. जवळच्या करावे गावच्या कोळणी जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवायला जमिनीवर पसरायच्या. त्यात वाळू, माश्या, मांजरं. काचेच्या पेटीत यातलं काही शिरत नव्हतं.

त्याच सुमारास ऊर्जा संशोधनाचं एक सरकारी खातं आणि लघुउद्योगांचं दुसरं, यांनी मिळून योजना काढली. पहिल्याने चाचणी घ्यायची, दुसऱ्याने मदत द्यायची. मंजुरी मिळाली तर पेट्या, नाहीतर पुन्हा जाळ्या.

चाचणी ऊर्जावाल्यांच्या गच्चीवर. खाली कॅन्टीन, म्हणून मासळीला बंदी. त्यांनी पेटीत लाल मिरच्या भरल्या. काचेतून थेट ऊन लागून मिरच्या पांढऱ्या पडल्या. शेरा मिळाला, ‘अयोग्य’.

“मॅडम, टेन्शन घेऊ नका,” लघुउद्योगवाले साहेब म्हणाले. “काच बदला, मिरचीची पेटी म्हणून अर्ज द्या. पास करून घेतो.”

“करावेत मिरची पिकते?”

“तुम्हाला मंजुरी हवी की मासळी?”

“मासळीची मंजुरी हवी. गच्चीवर जमत नसेल तर करावेला या.”

“आमची चाचणी बाहेर होत नाही,” ऊर्जावाले म्हणाले.

“ऊन तेच असतं, साहेब.”

टेम्पो बोलावून पेटी गच्चीवरून उतरवली आणि थेट करावेला नेली. माझ्याकडून घराच्या खिडक्यांना जाळ्या करून घेतलेल्या एका कोळणीच्या अंगणात ठेवली.

“बाय, ही पेटी हाय का देव्हारा?” म्हणत तिने जवळा पसरला.

मग दोन्ही खात्यांना एकच पत्र स्वतः नेऊन दिलं: करावेला चाचणीला या. न आल्यास मासळीची पेटी मिरचीवर नापास केल्याचं तुमच्या वरिष्ठांना कळवीन. पोच घेऊनच परतले.

दोन्ही खात्यांचे साहेब आले, एकाच जीपमधून. ऊर्जावाल्यांनी उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावला. पेटी उघडली. जवळा कुरकुरीत, स्वच्छ. त्यांनी लांबूनच थर्मामीटर आत धरला.

“रुमाल काढा,” मी म्हटलं. “सुकलं की कुजलं, हे वासावरच ठरतं.”

“त्याची गरज नाही.”

“मग शेराही देऊ नका.”

कोळीण पदराआड हसली. साहेबांनी रुमाल खिशात घातला, चिमूटभर जवळा उचलून हुंगला, पुन्हा हुंगला.

“योग्य,” ते लघुउद्योगवाल्यांना म्हणाले. “आणि लिहा, मासळीसाठी.”