औषधवाल्याची कात्री

भांडुपला आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो औषधवाला आहे, तो सगळ्यांवर खेकसतो. डॉक्टरांच्या अक्षराला शिव्या घालतो आणि बोलताना बोटांतली कात्री वाजवत राहतो.

एकदा माझ्यापुढच्या काकू बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी देऊन नुसत्याच घुटमळल्या. हा लगेच ओरडला, "अख्खी स्ट्रिप नाय मिळणार हां! माल कमी आहे. आज चार न्या, बाकीच्या नंतर." काकूंचा चेहरा सैल झाला.

मला आईसाठी त्याच गोळ्या हव्या होत्या. त्याने त्याच खणातून अख्खी स्ट्रिप काढून माझ्यापुढे टाकली. मी बघतच राहिले.

"काय बघतेस? चल, पुढे हो."

यंदा बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मेडिक्लेम अर्ध्यातच संपला, उरलेल्या बिलात आईच्या पाटल्या गेल्या. बाबांना घरी आणलं आणि मी महिन्याभराच्या औषधांची चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. चिठ्ठी काउंटरवर ठेवली, पर्स उघडली आणि आत बघत उभी राहिले.

कात्री वाजली. मागे उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा तो माझ्यावर खेकसला,

"ए, आज माल कमी आहे हां!"