कव्हरवरचा तो पतंग आपल्या जंगलातला नाई

तुळशीराम भाऊच्या नावानं त्या पुस्तिकेचं कव्हर टाकणं बंद करा. आत्ताच्या आत्ता.

सकाळपासून पाहून राह्यली. ज्याच्या त्याच्या स्टेटसवर तेच. मोठा तांबडा पतंग, खाली भाऊचं नाव, खाली "निसर्गमित्र हरपला".

अरे, तो पतंग काढा काढा म्हणत माणूस गेला!

ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगते. भाऊ आमच्या कुरखेड्याचे रिटायर लाइनमन. आपल्या भागातल्या फुलपाखरायची यादी ठेवत. आन् पतंगायची. उडवायचे पतंग नाई, रात्री बल्बवर येतात ते.

मी त्यायची टायपिस्ट. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान. भाऊ दर महिन्याले यायचे, वही उघडायचे, मी कम्प्युटरवर यादी दुरुस्त करायची.

"जयभीम बाई. दोन टाका, एक काढा."

नाव काढायचं असलं की आवाज मोठा. टाकायचं असलं की हळू, तेही तीनदा विचार करून.

उजाडलं की लाइटच्या खांबाजवळच्या भिंतीवर रात्रीचे पतंग चिकटून असतात. पाखरं येऊन ते खायच्या आधी पोहोचायचं, हे भाऊले नोकरीतच कळलं होतं. रिटायर झाल्यावरही सायकल काढून गावोगावचे खांब फिरत.

लोक घाबरून विचारत, "काऊन भाऊ, लाइट जाणार हाय का आज?"

आता त्या कव्हरचं ऐका.

एका गावात भाऊले खांबाजवळच्या भिंतीवर अ‍ॅटलास पतंग दिसला. ताटलीएवढा. यादीत नव्हता. फोटो काढला, नाव टाकलं, पेपरात बातमी आली. मी दुकानात कात्रण लावलं. भाऊ त्या दिवशी पेढे घेऊन आले होते. खोटं कशाले बोलू, भाऊले लई आनंद झाला होता.

वर्षभरानं भाऊ त्याच गावात गेले. खांबापासून तिसऱ्या घरी एक कोसेवाला राह्यते, म्हणजे टसरच्या रेशमाचे कोसे, किड्याचे कोष, काढणारा. त्याच्या छपरीत दोरीला रिकामे कोसे टांगलेले. आपल्या टसरचे नाई, वेगळेच.

भाऊनं विचारलं. तो हसून म्हणे, "ते त मी बाहेरच्या राज्यातून आणले भाऊ. ट्रेनिंगले गेलो होतो, हौस म्हणून पिशवीत चार टाकले. घरी आल्यावर फुटले, हे मोठे पतंग निघाले, उडून गेले."

भाऊ तिथूनच बस पकडून माझ्या दुकानात.

"बाई, चूक झाली. काढा ते नाव."

मी म्हटलं, "राहू द्या ना भाऊ. पेपरात फोटो आला तुमचा. कोण पाहून राह्यलं?"

"मी पाहून राह्यलो ना!"

असे ओरडले की झेरॉक्स काढायले आलेल्या पोरी दचकल्या. मग खुर्चीवर बसले आन् हळू म्हणे, "असंनही तो आपल्या जंगलात. दिसला त लिहू. पण हा बसनं आलेला पाहुणा हाय."

मी नाव काढलं.

पण त्याच्या आधीची यादी एका ऑफिसनं माझ्याकडून मागून नेली होती. पुस्तिका छापायची म्हणून. ऑफिसचं नाव नाई लिहत, उगाच पोस्ट उडवतील.

नवी यादी मी दोनदा मेल केली. भाऊ स्वतः पत्र घेऊन गेले, मी सोबत होती. साहेब काय म्हणे माहीत आहे?

"काका, यादी वाढायले पाहिजे. तुम्ही कमी काऊन करता? आन् कव्हर त फायनल झालं."

भाऊ म्हणे, "साहेब, चूक माझी हाय. तुम्ही काऊन छापता?"

साहेबानं चहा मागवला. भाऊनं नाई घेतला.

छापलीच. कव्हरवर तोच पतंग. आत शेवटच्या पानावर "स्थानिक नागरिकांचे सहकार्य". भाऊचं नाव कुठीच नाई. आन् आज तेच ऑफिस लिहून राह्यलं, "आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक". वा रे वा! जिता होता तवा मार्गदर्शन ऐकलं का एक तरी?

मागच्या आठवड्यात मी गडचिरोलीले दवाखान्यात गेली होती. भाऊले बोलायले दम लागत होता. तरी पहिला प्रश्न तोच.

"छापून आली का? ते नाव काढलं ना?"

पुस्तिका माझ्या पिशवीत होती.

मी म्हटलं, "काढलं भाऊ."

"बरं झालं. एक खोटं असलं त लोक बाकीच्यायवर विश्वास नाई ठेवत."

आन् झोपले. मी बाहेर येऊन लई रडली.

आज घाटावर त्रिशरण-पंचशील झालं. साहेब आले होते. फुलं वाह्यली, आन् भाऊच्या छातीवर ती पुस्तिका ठेवली. कव्हर वरती करून. फोटोही काढून घेतला.

मी उचलली. सगळ्यायसमोर.

साहेब म्हणे, "ताई, तुमच्या भावना समजतात."

म्हटलं, "समजत असत्या त छापली नसती. हे भाऊसोबत नाई जाणार."

काहीजण म्हणून राह्यले, मयतीत बाईनं तमाशा केला. केला. परत करीन.

भाऊची शेवटची, खरी यादी खाली जोडली आहे. ज्याच्याकडे पुस्तिका असंन त्यानं पेन घ्यावा, अ‍ॅटलासवर रेघ मारावी, बाजूले लिहावं: "तुळशीराम भाऊनं स्वतः काढलं." कव्हरवरही लिहा. फोटो टाकायचाच असंन त त्याचा टाका.

भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोलली. तुम्ही विश्वास ठेवून झोपले.

माझ्या दुकानात वीस पुस्तिका विकायले ठेवल्या होत्या. घाटावरून आल्यापासून एकेकीवर रेघ मारून राह्यली आहे. अकरा झाल्या.

जयभीम भाऊ. या आता.