वाटाणे वगळून

सत्यशीला साळवे यांनी श्रीरामपुरातल्या मुलींच्या एका वसतिगृहात एकतीस वर्षं स्वयंपाक केला. दोनशे मुलींची आमटी त्या डोळे मिटून करीत. पण निवृत्त होऊन घरी बसल्या, तर एका माणसापुरता भात काही जमेना. हात सैल सुटायचा आणि चौघांचं रांधून व्हायचं. निरोपाला मुलींनी इलेक्ट्रिक ओव्हन दिला होता. दोन वर्षं तो कापडाखाली झाकलेलाच होता.

शेजारचे वैजनाथ खरात एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. कंपाउंडच्या भिंतीवरून दोन्ही घरांत वाजलं, तेव्हापासून सहा वर्षं ते सत्यशीलाबाईंशी बोलत नव्हते. त्यांची सून दिपाली मात्र येऊन-जाऊन असे.

गेल्या आषाढात वैजनाथांच्या गालाचं ऑपरेशन झालं. तंबाखूनं घात केला होता. तोंड जेमतेम दोन बोटं उघडे, तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांत पाणी.

"मावशी, सकाळी पेज, रात्री खिचडी," दिपाली एक दिवस येऊन म्हणाली. "आता ताटच लोटून देत्यात. डॉक्टर म्हणत्यात चिकन द्या. पण मसाल्याबिगर चिकन करायचं कसं?"

"बघते."

सत्यशीलाबाईंनी दिशाला फोन लावला. दिशा वसतिगृहातली जुनी मुलगी, आता पुण्यात नर्स. तिनं सांगितलं: चिकन उकडून बारीक तोडा. गाजर, फ्लॉवर, वाटाणे, बटाटा शिजवून घ्या. लोण्यावर मैदा परतून त्यात दूध घाला, दाट होऊ द्या. सगळं एकत्र करा, वर ब्रेडचा चुरा पसरा आणि ओव्हनमध्ये भाजा.

पहिलं भांडं वरून काळं झालं अन् आतून गार राहिलं. दुसऱ्यात मैद्याच्या गाठी. तिसरं एका रविवारी जमलं, पण झालं आठ जणांचं. गल्लीत पाच घरी वाट्या गेल्या. वैजनाथांचा वाटा दिपालीनं ओढणीखाली झाकून नेला.

"कुठलं ते सांगू नको," बाईंनी बजावलं.

वैजनाथांनी पहिला घास जिभेवर बराच वेळ धरला. मग विचारलं, "शेजारनं आलंय व्हय?"

दिपालीला खोटं बोलता आलं नाही. "व्हय, मामा."

चमचा पुन्हा भांड्यात गेला.

पुढच्या रविवारीही भांडं गेलं. तिसऱ्या रविवारी ते स्वतःच बाईंच्या फाटकाशी उभे राहिले, हातात घासलेलं भांडं. बाई नुकत्याच चर्चमधून परतल्या होत्या. वैजनाथांचा गाल ओढल्यामुळं शब्द तुटक येत.

"वाटानं नका घालू. दाढंत अडकत्यात."

"बरं. बटाटा चालतो?"

"लई चालतो."

भिंतीचा विषय त्यांनीही काढला नाही, बाईंनीही नाही.

पाच महिने दर रविवारी भांडं गेलं. बाईंच्या हाताला हळूहळू लहान माप कळलं. चिमूटभर मिरपूड सुरू झाली, मग आल्याचा रस. संक्रांतीनंतर वैजनाथांचं तोंड तीन बोटं उघडू लागलं आणि त्यांनी सुनेकडं बाजरीची भाकरी अन् कोंबडीचा रस्सा मागितला. भाकरी कुस्करून, घाम पुसत पुसत ते जेवले. संध्याकाळी फाटकाशी येऊन म्हणाले, "आता त्ये पांढरं नको."

"नको तर नको."

बाईंना बरं वाटलं, आणि थोडं रिकामंही. पण पुढच्या रविवारी दिपाली दूध-मैदा घेऊन दारात हजर. तिच्या पोरांना तेच हवं होतं. बाईंनी गॅस पेटवला, उलथनं तिच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "परतताना हात थांबवू नको."