वटारच्या चाफ्यासाठी एक नाक

माझी मैत्रीण मुग्धा मला वटार गावी घेऊन गेली ती माझ्या सहवासासाठी, असा माझा गोड गैरसमज होता. बाई हवेत उडून जाणारी रसायनं मोजते. पेट्रोलची, रंगाची, झाडाफुलांचीसुद्धा. पण करोना झाल्यापासून तिला स्वतःला कसलाच वास येत नाही, म्हणून नमुना घेण्याआधी हवेत परका वास नाही ना, हे हुंगायला कोणीतरी लागतं. "तू फक्त नाक घेऊन ये," ती म्हणाली. "अत्तर, गजरा काही नको."

सकाळी माणिकपूरहून रिक्षा केली. (जाण्या-येण्याचं एकदमच ठरवा, वटारला परतीची रिक्षा मिळेलच असं नाही.) मुग्धाच्या मांडीवर स्टीलचा गोल डबा.

"यात काय आहे, मॅडम?" रिक्षावाल्याने विचारलं.

"काही नाही. हवासुद्धा नाही."

"मग एवढं जपता कशाला?"

आतली हवा आधीच काढून टाकलेली असते, त्यामुळे तोटी उघडली की तो डबा आपणहून बाहेरची हवा ओढून घेतो, एकदाच. आणि हा तिचा शेवटचा डबा होता. नमुना बिघडला तर नवा डबा येईपर्यंत चाफ्याचा हंगाम संपणार, म्हणजे वर्ष गेलं.

मुग्धाच्या ओळखीच्या मार्थामावशींच्या चाफ्याच्या वाडीत पहाटेची फुलं तोडून झाली होती, तरी सोनचाफा असा घमघमत होता की मी वाटेतच थबकले. मावशींनी शहाळी दिली आणि दोन फुलं घेऊन आमच्या केसांकडे वळल्या.

"आमच्याकडनं बाय फुलाशिवाय नाय जायची!"

"डबा भरल्यावर, मावशी," मुग्धा हात जोडून मागे सरली. मग तोटीवर हात ठेवून मला म्हणाली, "काय येतंय?"

"चाफा. ओली माती. आणि... अगं थांब, बाम!"

मी संशयाने मावशींकडे पाहिलं. त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. रिक्षात धुराने डोकं ठणकलं, तेव्हा मी सवयीने बाम चोळला होता. मुग्धा अत्तर नको म्हणाली होती, बामाचं कोण बोललं?

मला वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पार विहिरीपलीकडे हाकलण्यात आलं. आता नाक कोणाचं?

"मला कुठला वास येतोय गो," मावशी म्हणाल्या. "जन्म गेला यातच!"

शेवटी अर्धा तास वारा वाहू दिला, मावशींनी क्रुसाची खूण केली आणि मुग्धाने तोटी उघडली. मी विहिरीपलीकडून टाचा उंचावून बघत होते. माझ्या बामाचं फार वाईट वाटलं. परतताना आगाशीत सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, घेतली, ती सगळी तिलाच दिली.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी तिचा फोन. नमुना चांगला निघाला होता! तिने रसायनांची लांबलचक यादी वाचून दाखवली. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"आता तू सांग. वास कसा होता?"

मी ब्लॉग लिहिणारी, बोलायला काय कमी? चाफा, ओली माती, सगळं एका दमात सांगत सुटले.

"सावकाश सांग," ती म्हणाली. "मी लिहून घेतेय."